दुपारी उजाडणारं घर

आमच्या घरमालकांची अंघोळ दुपारी एक वाजता असायची. धुळ्याच्या पौषातल्या थंडीत सगळी गल्ली भल्या सकाळी कुडकुडत अंघोळ उरकून कामाला लागलेली असे, आणि नाना मात्र मफलर गुंडाळून, पारोशा अंगाने, ओट्यावर ऊन खात बसलेले असत. घड्याळात एक वाजला की ते पंचा खांद्यावर टाकून उठायचे आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, “चला, एकची गाडी लागली.” मग न्हाणीतून वाफ यायची, साबणाचा वास यायचा, आणि त्या घरात तेव्हा कुठे सकाळ झाल्यासारखं वाटायचं. बाहेर गल्लीचे डोळे मिटत आलेले असायचे.

मी त्यांच्या वरच्या खोलीत जेमतेम वर्षभर राहिले. मी मूळची भडगावची. धुळ्यात पांझरा नदीच्या पलीकडे एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम मिळालं म्हणून दसरा झाल्यावर इथे आले. लॅब सकाळी सात ते अकरा आणि पुन्हा संध्याकाळी पाच ते नऊ. मधली दुपार माझी मोकळी असे, आणि म्हणूनच मला हे घर पाहायला मिळालं. जे लोक दहा ते सहाची नोकरी करतात त्यांना नाना नुसतेच एक चक्रम म्हातारे वाटले असते.

नाना आयुष्यभर बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी कुठल्या फलाटावर, किती वाजता, कुठल्या मार्गे, हे माईकवरून सांगण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर माईक गेला, पण तो आवाज आणि ते वेळापत्रक त्यांनी बरोबर घरी आणलं. त्यांच्याकडे मिक्सर सुटायचा, घरघंटी फलाटाला लागायची आणि इस्त्रीला पाच मिनिटं उशीर झाला तर ते खरोखर बेचैन व्हायचे. आक्का, म्हणजे त्यांची बायको, पलंगावरून हसायची. “ह्या मानूसना डोकामा घड्याय शे, पोरी,” ती मला म्हणायची.

आक्काचं हसू अर्ध्यावर तुटायचं, कारण दम पुरत नसे. बोदवडला माहेरी असताना आणि पुढे लग्न झाल्यावर इथेही तिने कितीतरी वर्षं जिनिंगमध्ये कापूस निवडला होता. रुईचे बारीक तंतू नाकातोंडात जात राहिले आणि साठीनंतर फुप्फुसांनी हात टेकले. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन घ्यायला सांगितलं. लहानसा कूलर असावा तेवढं ते मशीन खोलीतली हवा आत ओढायचं आणि त्यातला प्राणवायू एका बारीक नळीतून आक्काच्या नाकाशी सोडायचं. त्याला फक्त वीज लागायची, पण ती दिवसातले निदान सोळा तास. मी राहायला आले तेव्हा ते नवीनच आलं होतं. घुर्र करत चालायचं आणि थोड्या थोड्या वेळाने झोपेत कुणी सुस्कारा सोडावा तसा आवाज करायचं. दोन दिवसांत मला तो आवाज ऐकू येईनासा झाला, इतका तो घराचा झाला.

तो नाही हे मात्र लगेच कळलं. दिवाळीच्या आधीची गोष्ट. मी लॅबमधून थोडी लवकर परतले होते आणि जिना चढता चढता थांबले. खाली फार शांत होतं. आत डोकावले तर आक्का उशीला टेकून बसलेली, नळी नाकाशी, पण मशीन बंद. ओठ जांभळट झाले होते. मी धावत जाऊन बटण दाबलं, तिची पाठ सरळ धरली. श्वास मार्गी लागल्यावर तिने आधी ओठांवर बोट ठेवलं. “त्यासले सांगू नको,” ती म्हणाली. “बिल भलतं येस ना, पोरी. हाऊ मानूस त्या कागदकडे देखत बठस. तो बजारमा गया का मी थोडं बंद करी देस. तेवढंच.”

आणि दारात भाजीची पिशवी घेऊन नाना उभे होते.

मला वाटलं ते रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांनी पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली आणि पलंगाच्या कडेला बसून एवढंच विचारलं, “किती दिवस?” आक्काने भिंतीकडे तोंड फिरवलं. नाना बराच वेळ तिच्या पायावर हात ठेवून बसले. मग उठून त्यांनी भाजी निवडायला घेतली, आणि मेथीची पानं इतकी हळू खुडत राहिले की मी चहा करून आणला तरी अर्धी जुडी तशीच होती.

दुसऱ्या दिवशी ते वीज कार्यालयात गेले. दोन वाजता परत आले ते हातात एक घडी घातलेला कागद घेऊन, आणि चेहरा असा की जणू बंद पडलेला रस्ता कुणीतरी मोकळा करून दिला आहे. नवीन मीटर बसवलं तर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात वापरलेल्या विजेला सवलत मिळते, असं त्यांना खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं होतं. “दिवसा उन्हाची वीज मुबलक असते म्हणून,” ते मला समजावत होते. “पण मीटर स्मार्ट पाहिजे. आपलं जुनं मीटर म्हणजे घड्याळ नसलेला कंडक्टर. कोण किती लांब गेलं ते सांगतो, पण कधी चढलं त्याचा पत्ता नाही.”

त्याच संध्याकाळी त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर घराचं वेळापत्रक लिहिलं. पाण्याची मोटर, धुणं, इस्त्री, दळण, मिक्सर, विजेची शेगडी, अंघोळीचं पाणी, सगळं नऊ ते पाचमध्ये. फक्त आक्काच्या मशीनच्या ओळीपुढे वेळ लिहिली नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “ही गाडी आपल्या हातात नाही. तिला वाटेल तेव्हा ती जाईल. बाकीच्या गाड्यांनी तिला रस्ता द्यायचा.”

आमच्या गल्लीत मात्र नवीन मीटर म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा यायचा. ते धावतं, रिचार्ज संपला की घर अंधारात जातं, मोबाइलवर कुणीतरी आपल्यावर नजर ठेवतं, असं रोज नवं काहीतरी कानावर यायचं. शेजारी किराणा दुकानवाले भाऊ होते. त्यांनी एका रविवारी सगळ्यांना ओट्यावर जमवलं आणि ठरलं की कुणीही मीटर बदलू द्यायचं नाही. नाना उठून म्हणाले, “मी अर्ज केलाय.” कुणी काही बोलायच्या आत भाऊंनी विचारलं, “नाना, रिचार्ज संपला आणि लाईट गेली तर आक्काचं मशीन कशावर चालवाल?”

प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नव्हता, पण नानांचा चेहरा उतरला. तीच भीती त्यांनाही होती. वीज कार्यालयात त्यांनी हे तीन वेळा तीन जणांना विचारलं होतं आणि तिघांनीही सांगितलं होतं की बिल नेहमीसारखं महिन्याने येईल, रिचार्ज वगैरे काही नाही. ते त्यांनी भाऊंना सांगितलं. “आज नाही म्हणतात, उद्याचं काय?” भाऊ म्हणाले. नाना म्हणाले, “उद्याचं मला माहीत नाही. मला आजचा दिवस पार पाडायचाय.” त्यानंतर पंधरा-वीस दिवस गल्लीतली बरीच मंडळी नानांशी कामापुरतं बोलत होती.

मीटर बदलायला दोन जण आले तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. अर्धा तास वीज बंद राहील, ते म्हणाले. नानांनी आधीच एक छोटा सिलिंडर भाड्याने आणून ठेवला होता. नळी मशीनवरून काढून सिलिंडरला जोडायची आणि काटा बघत राहायचं, हे काम माझ्याकडे. अर्ध्या तासाने फिटर आत येऊन म्हणाला, “काका, खांबावरून येणारी वायरच जळलेली आहे, ती बदलावी लागेल.” नाना बरं म्हणाले. एक तास झाला. दीड तास झाला. सिलिंडरचा काटा लाल पट्ट्याकडे सरकायला लागला. आक्का शांत होती, पण तिची बोटं चादर चिमटीत धरून सोडत होती. नाना कधी दारात जायचे, कधी पलंगाशी यायचे. ज्या माणसाने दिवाळीच्या गर्दीत सगळं बसस्थानक सांभाळलं तो काटा पुन्हा पुन्हा माझ्याकडून वाचून घेत होता.

तेवढ्यात मागच्या भिंतीवरून भाऊंची हाक आली. ते स्टुलावर उभे होते आणि हातात लांबलचक वायरीचा बोर्ड. “नाना, जुना मीटरनी वीज चालस का आक्काले?” ते म्हणाले. हसत म्हणाले, पण बोर्ड पुढे करताना घाई होती. मी मशीनची पिन त्यात खोचली आणि तो सुस्कारा पुन्हा खोलीत आला. भिंतीशी जाऊन नानांनी भाऊंचा हात दोन्ही हातांत धरला आणि तसाच धरून उभे राहिले, शेवटी भाऊच म्हणाले, “सोडा आता, दुकान उघडं टाकून आलोय.”

त्यानंतरच्या दुपारी मला कधी कधी स्वप्नात पाहिल्यासारख्या वाटतात. मी साडेअकराला घरी यायचे आणि घर नुकतंच जागं होत असायचं. वॉशिंग मशीन हळूहळू फिरायला लागायचं. घरघंटीत ज्वारी पडायची आणि सगळ्या घरात पिठाचा गरम, गोडसर वास पसरायचा. नाना इस्त्री करत बसायचे. आक्काची लुगडी ते अशी घडी घालायचे की वाटावं ती उद्या कुठेतरी लग्नाला निघणार आहे. ती घराबाहेर पडून कितीतरी महिने झाले होते. खिडकीतून ऊन आत यायचं, फरशीवरून सरकत पलंगापर्यंत जायचं आणि आक्काच्या पायांवर चढून बसायचं. त्या उजेडात पिठाचे कण तरंगताना दिसायचे. आक्का त्यांच्याकडे बघत म्हणायची, “देख, आते पीठ उडस. पहिले रुई उडे.” आणि जिने तिचे श्वास खाल्ले त्या रुईबद्दलही तिच्या बोलण्यात राग नसे.

जेवण चारच्या आत तयार होऊन डब्यांत जायचं, रात्रीचंसुद्धा. एकदा वांगी भाजायची होती, तर ती गॅसवर भाजायची असूनही नानांनी दुपारी दोनलाच भाजली. “वीज नाही लागत नाना याला,” मी म्हटलं. ते म्हणाले, “सवय मोडली की वेळापत्रक मोडतं.” उन्हाळ्यात कूलर लागला. मग तर दुपारी कुणी बोलतच नसे. कूलरचा गार वारा, वाळ्याचा वास, मशीनचा सुस्कारा. आक्का पलंगावर, नाना आरामखुर्चीत, मी चटईवर. अधूनमधून आक्का डोळे मिटूनच पडलेलं स्वप्न सांगायची. एकदा तिला दिसलं की ती गिरणा नदीच्या वाळूतून चालते आहे आणि दम लागत नाही. “कितली लांब गयी मी,” ती म्हणाली, “आनि कोनी मांगे ये म्हनी हाक मारनं नही.” नाना जागेच होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत, फक्त हात लांब करून तिच्या पलंगाची कड धरली.

पाच वाजायच्या आत सगळं थांबायचं. इस्त्री थंड व्हायची, घरघंटीवर कापड पडायचं. संध्याकाळी एक दिवा आणि ते मशीन, बस्स. मी लॅबला जायला निघायचे तेव्हा नाना मोबाइल घेऊन आक्काजवळ बसलेले असायचे. नवीन मीटरमुळे कालच्या दिवसातला तासातासाचा वापर मोबाइलवर दिसायचा. ते तिला उंच-ठेंगण्या रेघा दाखवायचे. “ही बघ, ही सगळी गर्दी दिवसाच्या गाड्यांची. आणि हे तुझं मशीन, एकटंच चाललंय रात्रभर. काही भार नाही त्याचा. बिल कुठल्या कुठे खाली आलंय.” आक्का मान हलवायची. ते सांगत असताना ती रेघांकडे बघत नसे, त्यांच्याकडे बघत असे.

बिल कुठल्या कुठे खाली आलं नव्हतं. हे मला चैत्रात कळलं. टपालात आलेलं बिल वर माझ्याकडे आलं होतं, ते मी द्यायला गेले आणि सहज नजर पडली. सवलतीची ओळ होती, पण लहान. एवढ्या सगळ्या धावपळीच्या मानाने फारच लहान. ओट्यावर नाना एकटे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बिल घडी करून खिशात घातलं.

“थोडं वाचतं,” ते म्हणाले. “अगदीच नाही असं नाही.”

“मग आक्कांना…”

“ती बिल थोडीच वाचते, पोरी. ती माझं तोंड वाचते.” ते हळू आवाजात बोलत होते. “मी कागद घेऊन चिंतेत बसलो, की ही बटण बंद करणार. मी एक वाजता अंघोळ करून खुशीत बाहेर आलो, की हिला वाटणार, चला, माणसाला जमतंय. दिवाळीपासून एकदाही बंद केलं नाही तिने. मला तेवढंच पाहिजे होतं.”

मग थंडीत पारोसं बसणं, दोनला वांगी भाजणं, लुगड्यांच्या त्या घड्या, हे सगळं मला वेगळंच दिसायला लागलं.

पुढच्याच आठवड्यात नाना औषधं आणायला गेलेले असताना आक्काने मला जवळ बोलावलं. उशीखालून तिने एक बिल काढलं, आधीच्या महिन्याचं. कपाटातल्या कपड्यांखाली सापडलं म्हणाली. “मी चौथी शिकेल शे, पोरी. वाचता येस माले.” ती माझ्या हातावर थोपटत म्हणाली, “हाऊ मानूस इतला खूश व्हयी सांगस, का मी बी खूश व्हयी जास. मी बंद कयं तर त्यासनं बठ्ठं वाया जाई. म्हनीसन चालू ठेवस.” थोडा दम घेऊन तिने पुन्हा ओठांवर बोट ठेवलं. “त्यासले सांगू नको.” मी हो म्हटलं, तेव्हा तिने बिल माझ्याकडे देऊन जिथे होतं तिथे परत ठेवायला लावलं.

आक्का ज्येष्ठात गेली. चार दिवस दवाखान्यात होती. चौथ्या दिवशी दुपारी नाना तिच्या उशाशी बसले असताना तिने त्यांना घरी जाऊन अंघोळ करून यायला सांगितलं, एक वाजत आला होता म्हणून. ते गेले नाहीत. ती गेली तेव्हा त्यांचा हात तिच्या हातात होता.

तेरावा झाल्यावर एका सकाळी सहाला मला न्हाणीतून पाण्याचा आवाज आला. नाना इतर माणसांसारखे सकाळी अंघोळ करायला लागले होते. वेळापत्रक भिंतीवर होतं, पण त्याकडे कुणी बघत नव्हतं. दुपारी मी खाली गेले की ते आरामखुर्चीत असायचे, आणि त्या खोलीत इतकी शांतता असायची की मला तिथे बसवत नसे. मशीन त्यांनी थोड्याच दिवसांत देऊन टाकलं. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातल्या बाईला. तिचा मुलगा दवाखान्यात त्यांना भेटला होता. न्यायला तो येतो म्हणाला, पण नाना स्वतः बसमधून शेजारच्या सीटवर मशीन ठेवून घेऊन गेले. परत आल्यावर सांगत होते, “चालू करून दिलं, तिने श्वास घेतला, तेव्हा निघालो. दिवसा थोडी वीज जाते तिकडे. सिलिंडर कसा लावायचा ते पोराला शिकवून आलोय.” त्या दिवशी कितीतरी दिवसांनी ते पोटभर जेवले.

श्रावणात मला जळगावला बरी नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी नाना बसस्थानकावर सोडायला आले. माझी बॅग स्वतः वर ठेवली. नियंत्रकांच्या खोलीत आता सगळे नवीन लोक होते, नानांना कुणी ओळखलं नाही, आणि त्यांनाही त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. गाडी सुटायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. बराच वेळ येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, “एक विचारू? आक्काला माहीत होतं का गं? बिल फारसं कमी होत नाही ते?”

मी आक्काला शब्द दिला होता. मी म्हटलं, “नाही नाना. त्यांना शेवटपर्यंत खरंच वाटत होतं.”

“बरं,” ते म्हणाले. “बरं झालं.”

मी गाडीत बसले. कंडक्टरने घंटी दिली, गाडी हलली, तसे नाना खिडकीशी आले आणि गजावर हात ठेवून दोन पावलं बरोबर चालले. “पोरी,” ते म्हणाले, “तुला खोटं बोलता येत नाही.” मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. नाना हसत होते. आक्का गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. गजावरून हात काढून घेत ते म्हणाले, “तिलाही येत नव्हतं.”